सकाळी झोपाळू मशीन

मनोहरदादा, ती निळी चौकट आज सकाळीही आली. मशीन लावलं, जुन्या कॉम्प्युटरनं नेहमीसारखा घसा खाकरला, पंखा घुरघुरला आणि पडद्याच्या मधोमध ती उभी राहिली: सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार आहे, आता टाकायची का? तू रोज उदबत्ती लावून झाली की 'नंतर'च्या बटणावर बोट ठेवायचास. माझंही बोट आपसूक तिकडेच गेलं. तुझी तेरवी होऊन गेली तरी कुडव्याच्या या दुकानात अजून तुझाच शब्द चालतो.

पण आता फार दिवस 'नंतर' म्हणता येणार नव्हतं. आमगावच्या फोटोवाल्याची डिस्क कपाटात पडून आहे. एका लग्नाचं सगळं शूटिंग तिच्यात अडकलंय आणि चकती वाचणारं तिचं हेड नव्या जातीचं आहे. आपली जुनी आवृत्ती त्या जातीला ओळखतच नाही. तो सारखा फोन करतो, "दीदी, कुछ हुआ क्या?" मी म्हणते, होईल. नवी आवृत्ती टाकली असती तर झालंही असतं. पण टाकता टाकता मशीन बसलं असतं तर त्याचं लग्न गेलं असतं आणि आपलं दुकानही. इतकी वर्षं 'नाही' म्हणायला तू होतास, म्हणून मला 'हो' म्हणायला धीर यायचा. आता दोन्ही बाजूंनी भांडायला मी एकटीच उरले होते.

आणि मग तुझ्या घरून कुंदावैनी आली. जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून हे लिहिते आहे. क्रमानं सांगते, नाहीतर तूच म्हणशील, "बाई, मधातून नोको सांगू, सुरुवातीपासून सांग."

तेरवीला सौंदडहून आलेल्या तुझ्या मावसकाकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, तुमी दोघं त्या दुकानात नेमकं करत काय होते?" त्यांच्या डोळ्यांत खरंच कुतूहल होतं, म्हणून मीही नीट सांगितलं. म्हटलं, "काका, कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये एक चकती फिरते. सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं. वाचणारं हेड वेगळं, मोहरीच्या दाण्याहून लहान. ते मेलं की लोक म्हणतात डाटा गेला. डाटा जात नाही, वाचणारा जातो. मग आम्ही तशाच दुसऱ्या डिस्कचं जिवंत हेड काढून तिथं बसवतो. बसवायच्या आधी ते खरंच जिवंत आहे का, हे पाहायला एक मशीन आहे." काका विचार करून म्हणाले, "म्हंजे पोथी जागेवर आहे, वाचणारे महाराज गेले." मी हो म्हटलं आणि मग माझ्या लक्षात आलं. डाटा जात नाही, वाचणारा जातो, हे वाक्य तुझं होतं, आणि ते मी तुझ्याच तेरवीत बोलून बसले होते.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गिऱ्हाईक होते. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाचं माझं सगळं काम ज्या डिस्कमध्ये होतं ती टकटक करायला लागली होती. तू ती कानाला लावलीस, डोळे मिटलेस आणि विचारलंस, "काऊन वाजते ही?" मला वाटलं मलाच विचारतोयस. म्हटलं, "मला माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?" तू इतका खूश झालास की डिस्क बाजूला ठेवून चहा मागवलास. परीक्षा झाल्यावर मी दुकानात कामाला आले आणि काही दिवसांत 'तुम्ही'वरून 'तू'वर उतरले. ते तुला चाललं, घरी आईला मात्र अजून चालत नाही.

'का'च्या जागी काऊन, हा तुझा शब्द. डिस्क दुरुस्त होऊन गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं तरी तू मागून विचारायचास, "पर पडली काऊन? कोणत्या बाजूनं पडली?" बाजारात वांग्यांच्या ढिगासमोर थांबून, "याच्या देठाले काटे आन त्याच्या नाई, काऊन?" भाजीवाली म्हणायची, "घेणं असंल तं घ्या." गोंदियातली हिंदी बोलणारी पोरं तुला तोंडावर 'काऊन सर' म्हणायची आणि तुला ते नाव आवडायचं. एखाद्या गोष्टीचं कारण सापडेपर्यंत तुला चैन नसायचं, आणि सापडलं की तू ते मला असं सांगायचास जणू शेजाऱ्याचं गुपितच कळलंय.

आणि हे एकदाही बोलले नाही, ते आता लिहून टाकते. दुकानात येणारा प्रत्येक जण माझ्याकडे पाहून विचारायचा, "सर कहाँ हैं?" तू स्टुलावरून न उठता म्हणायचास, "डॉक्टर तो वो है, हम तो कंपाउंडर हैं." लोक हसायचे, पण डिस्क माझ्या हातात द्यायचे. असं करत करत त्यांना माझ्या हातात द्यायची सवय लागली. हे तू मुद्दाम करायचास हे मला ठाऊक होतं. मला तुझी फार आठवण येते दादा.

आता मशीनचं. दूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून तू ते उचललंस. ट्रकवाल्यानं ते कोहमाऱ्यालाच उतरवलं, पुढं यायला तयार होईना. तू ढाब्याच्या मागून धानाचा पेंढा, तणस, मागून घेतलंस आणि टेम्पोत मशीनला बाळंतिणीसारखं निजवून आणलंस. हेडला धुळीचा कण चालत नाही, आणि हेड तपासणारं मशीन आपण धानाच्या तणसात गुंडाळून आणलं. पुढं किती दिवस त्याच्या फटींतून काड्या निघत होत्या आणि प्रत्येक काडीला आपण हसत होतो.

त्याचं काम तसं साधं. हेड एका बारीक चिमट्यात धरायचं, त्यातून नावाला वीज सोडायची आणि जवळ मोजूनमापून चुंबकाचा जोर आणायचा. हेड जिवंत असेल तर त्या जोराला उत्तर देतं, आणि ते उत्तर किती ठळक आहे याचा आकडा पडद्यावर येतो. रोज सकाळी तू आधी एक ठरलेलं, खात्रीचं हेड लावायचास. त्याला तू साक्षीदार म्हणायचास. "साक्षीदार खरं बोलला का मंग बाकीच्यायची उलटतपासणी." काही वर्षांपूर्वी हा साक्षीदारच सकाळी खोटं बोलायला लागला. सकाळी लावला की आकडा कलंडलेला आणि मशीन म्हणणार, नापास. जेवण झाल्यावर तेच हेड, तोच चिमटा, आणि पास.

तू म्हणालास, "मशीनले सकाळी झोप राह्यते. जेवल्यावर जागते." बस. तिथं तुझं संशोधन संपलं. हेडं तपासायचं काम आपण दुपारवर टाकलं आणि सकाळी डिस्क उघडायच्या, पुसायच्या, जुळवायच्या, असं ठरवून टाकलं.

मला ते पटेना. माणसं जेवल्यावर झोपतात, यंत्र जेवल्यावर जागतं कसं? माझं म्हणणं, दोष जुन्या सॉफ्टवेअरचा. सकाळी खोली थंड, दुपारी गरम, आणि त्या फरकाचा हिशेब त्याला नीट धरता येत नाही. मशीन बनवणाऱ्या परदेशी कंपनीनं नवी आवृत्ती काढली तेव्हा तिच्यात काय काय आहे ते मी तुला मोठ्यानं वाचून दाखवलं. नव्या जातीची हेडं ओळखेल. गरमी-थंडी सांभाळून घेईल. तपासणीच्या आधी आजूबाजूला कुठं चुंबक तर नाही ना, ते स्वतःच पाहून घेईल. तू गॅसवर चहा ठेवत होतास. "राहू दे," म्हणालास. "चालून राहिलं ना? मंग हात कायले लावतं?"

या 'राहू दे'मागं तुझी एक कथा होती आणि ती मी इतक्यांदा ऐकली की तुझ्या आधी मीच शेवट सांगायची. दुकान टाकण्याआधी तू एका राइस मिलमध्ये मशिनरी सांभाळायचास. तिथं दाण्याचा रंग पाहून काळे दाणे फुंकून उडवणारं मशीन होतं. बाहेरून इंजिनिअर आला, नवं सॉफ्टवेअर टाकलं, चहा प्याला, गेला. मशीननं चांगला तांदूळ काळ्यात आणि काळा चांगल्यात टाकायला सुरुवात केली. पोती भरून शिवून झाली तेव्हा कुठं कुणाच्या लक्षात आलं. "जुन्याले कमी दिसत होतं, पर जे दिसे ते खरं सांगे," तू म्हणायचास. "नव्याले साफ दिसून राहिलं आन सांगून राहिलं उलटं." मी म्हणायची, दादा, तांदूळ वेगळा आणि हेड वेगळं. तू म्हणायचास, "इंजिनिअर तं सारखाच आहे ना."

मग मी माझ्या परीनं शोधायला लागले. व्होल्टेज मोजलं. शेजारच्या गिरणीची मोटर बंद असताना पाहिलं, रेल्वे गेल्यावर पाहिलं. दुकानाला नवं लोखंडी शटर बसलं त्या सुमारास हे सुरू झालं असं मला आठवत होतं, म्हणून सगळ्यात जास्त संशय शटरवर होता. एवढं लोखंड शेजारी असलं की काहीतरी गडबड होणारच, असं म्हणून आपण मशीन उचलून आतल्या भिंतीला नेलं. ढिम्म फरक नाही. तू प्रत्येक वेळी मदत केलीस. मी चिमट्यात हेड लावायची आणि तू बाजूला उभा राहून बॅटरी दाखवायचास, अगदी जवळून, हात न हलवता. मी हरले की "करून तं पाह्यलं ना," म्हणायचास.

एकदाच ते सकाळी शहाण्यासारखं वागलं. धान कापणीला तू सौंदडला गेला होतास आणि दुकानात मी एकटी होते. साक्षीदार पहिल्या फटक्यात पास. मी उत्साहानं तुला फोन लावला, की दादा, आज थंडी जास्त आहे आणि आकडा बरोबर आला, म्हणजे गडबड हवेचीच आहे. बांधावरून तुझा आवाज आला, "हो का? बरं झालं." आणि तू कोणाला तरी पेंढ्या कुठं ठेवायच्या ते सांगायला लागलास. दुसऱ्या दिवशी तू आलास आणि मशीन पुन्हा झोपलं. मी म्हटलं, थंडी कमी झाली.

तू गेल्यावर मी दुकान उघडलं, सवयीनं साक्षीदार लावला. पास. दुसऱ्या दिवशी सकाळी पास. नंतरही रोज. आता थंडी नव्हती, चांगला उकाडा होता. शटर तेच, गिरणी तीच, सॉफ्टवेअर तेच जुनं. मला आधी मशीनचा राग आला. दादा होता तोवर झोपा काढल्या आणि तो गेल्यावर डोळे उघडले, ही कुठली रीत. मग थोडी भीतीही वाटली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तरी दोन-चार दिवस मी मशीनकडे तिरक्या नजरेनंच पाहत होते.

आज जेवणाच्या वेळेच्या थोडं आधी कुंदावैनी आली. इतकी वर्षं ती याच वेळी तुझा डबा घेऊन यायची. आज हात रिकामे होते. स्टुलावर बसली आणि पदराची गाठ सोडली. आत तुझं कडं. ते तांब्याच्या रंगाचं, आतून काळे चुंबक बसवलेलं, बीपी उतरतं म्हणून कोहमाऱ्याच्या फाट्यावर विकतात ते. वैनीनंच घेतलं होतं तुझ्यासाठी.

"शीतल, तुह्या मशीनवर पाह्यता येते काय, हा कडा असली आहे का नकली?"

मी विचारलं, काय झालं.

"तेरवीच्या पंगतीत एक जण म्हणे, फाट्यावरचे कडे नकली राह्यते, निस्तं लोखंड. तवापासून मले जेवण जाऊन नाई राहिलं. नकली असंल तं मीच फसवलं ना त्यायले. रोज सकाळी मीच हातात घालून देत होती."

मी म्हटलं, वैनी, दादा गोळ्या वेळच्या वेळी घेत होते, डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं, जे झालं त्याचा कड्याशी काही संबंध नाही.

"ते मले नोको सांगू. असली का नकली, तेवढं सांग."

टेबलावरचा स्क्रू मी कड्याजवळ नेला. तो चटकन जाऊन चिकटला. मला वाटलं झालं काम. वैनीनं मान हलवली. "खिळे-स्क्रू तं कशालेही चिकटते. तुह्या मशीनवर पाह्य. आकडा दाखव." तुझ्यासोबत इतकी वर्षं काढलेली बाई, तिला आकड्याशिवाय कसं पटणार.

साक्षीदार चिमट्यातच होता. सकाळी पास झालेला, आकडा जागेवर. मी कडं उचललं आणि जवळ नेलं.

आकडा कलंडला, दादा. कसाही नाही, अगदी तसाच. ज्या कलंडलेल्या आकड्याशी मी इतकी वर्षं भांडले, ज्याच्यासाठी मशीन उचलून आतल्या भिंतीला नेलं, तोच. कडं दूर नेलं, आकडा सरळ. जवळ आणलं, कलंडला. मी ते पुन्हा पुन्हा करत राहिले. फाट्यावरच्या कड्यात खरे चुंबक असतील असं मला इतक्या वर्षांत कधी वाटलंच नव्हतं. मग मला तुझा बॅटरी धरलेला हात आठवला, मशीनला अगदी लागून, न हलणारा, आणि मला हसू फुटलं. हसता हसता डोळे कधी भरून आले ते कळलं नाही.

"काऊन हासतं?" वैनी घाबरली.

"असली आहे वैनी. इतकं असली आहे की रोज सकाळी या मशीनला येडं करून सोडत होतं."

तिनं डोळे मिटून श्वास सोडला. किती दिवसांचा कोंडलेला होता कोण जाणे. मी विचारलं, कडं घेतलं कधी होतं? म्हणाली, "तुमच्या दुकानाले नवं शटर बसलं ना, त्याच टायमाले. एका लग्नाहून वापस येत होतो, तं फाट्यावर जीप थांबली." म्हणजे त्या बिचाऱ्या शटरवर मी उगाच आळ घेतला.

वैनी आता मशीनकडे निरखून पाहत होती. "पर सकाळीच काऊन? दुपारी कसं चांगलं चालत होतं?"

आता पंचाईत झाली. तिचा डबा आला की तू हात धुवायला उठायचास, आणि ती वळून गेली की कडं काढून डब्याच्या पिशवीत टाकायचास. संध्याकाळी शटर ओढताना परत घालायचास. जेवताना तेल लागू नये म्हणून काढतोस असं मी धरून चालले होते, आणि नंतर घालायचं राहून जात असेल. हे तिला कसं सांगायचं? मी चिमट्याशी उगाच चाळा करत बसले.

"काढून ठेवत होते ना?" वैनीच म्हणाली. "मले मालूम आहे. एक दिवस पिशवीतच राहिला होता. डबा घासाले काढला तं खाली कडा. मी पुसून त्यायच्या उशाशी ठेवला. ते काई बोलले नाई, मीबी नाई. पर तवापासून मी रस्त्यावरूनच आवाज देत होती, 'डबा आला' म्हणून. आत येऊस्तवर घालाले टाइम भेटला पाह्यजे ना त्यायले."

तिची ती हाक मी रोज ऐकली आहे. मला वाटायचं, डबा घ्यायला कोणी बाहेर यावं म्हणून ओरडते. दोन-तीनदा मी उठून गेलेही होते. आणि तू मात्र सकाळपासून कडं घालून तिची वाट पाहत बसलेला असायचास. तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळून घेत होता आणि मधल्या मध्ये आपला साक्षीदार रोज नापास होत होता.

माझं सॉफ्टवेअरशी असलेलं भांडण तिथंच संपलं. जुन्या आवृत्तीचा काही दोष नव्हता, म्हणजे मी चूक. मशीनला झोप वगैरे काही येत नव्हती, म्हणजे तूही चूक. हे सांगून तुला चिडवायला मी सवयीनं स्टुलाकडे वळले, तर तिथं वैनी बसली होती. वाद सुटला आणि ज्याच्याशी घातला तोच नाही, याचं इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

फोटोवाल्याची डिस्क मात्र तशीच होती. तिला नवी आवृत्तीच लागणार. मी वैनीला म्हटलं, "थोडं बसता का? एक काम करायचंय, एकटीनं करायला भीती वाटते."

"त्यायनं नाई म्हटलं होतं तेच काय?"

"तेच."

"कर मंग. मी बसतो."

जुन्या सगळ्या जुळवण्या, म्हणजे मशीनच्या सेटिंग्ज, पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि या वेळी 'आता'वर बोट ठेवलं. पट्टी गोगलगायीच्या चालीनं सरकत होती. वैनीनं उठून चहा ठेवला, चहा-साखरेचे डबे न विचारता तिला सापडले. मधेच पडदा काळा झाला आणि पंख्याचा आवाज थांबला. तुझी ती तांदळाची पोती डोळ्यांसमोर आली. मग पुन्हा घुरघुर सुरू झाली, कॉम्प्युटरनं घसा खाकरला, आणि नवा पडदा उघडला. फोटोवाल्याच्या हेडच्या जातीचं नाव तिथं होतं. आपल्या जुळवण्याही जागेवर होत्या.

पण काम सुरू करू देईना. वरच्या बाजूला लाल पट्टी पेटली.

"काय म्हणते?" वैनीनं विचारलं.

"म्हणते, जवळपास कुठं तरी चुंबक आहे. आधी तो दूर करा."

कडं तिथंच टेबलावर पडलेलं होतं. वैनी कड्याकडे पाहून, मग पट्टीकडे पाहून म्हणाली, "म्हंजे हे तुमी पह्यलेच टाकलं असतं, तं पह्यल्याच दिवशी कडा धरला गेला असता?"

"हो."

"मंग त्यायनं टाकू काऊन नाई देलं?"

मी कप खाली ठेवला. मी तुला ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, दादा. चुंबकाचंही. तू चहाकडे पाहत 'राहू दे' म्हणाला होतास. मी शटरवर संशय घेतला, गिरणीवर घेतला, रेल्वेवर घेतला, आणि तू प्रत्येक वेळी बॅटरी धरलीस. पण तुझा स्वतःचा असा एकही संशय तू कधी सांगितला नाहीस. कापणीच्या दिवशी फोनवर सांगितलं तेव्हा नुसतं 'बरं झालं'. वांग्याच्या काट्यांनासुद्धा कारण विचारणारा माणूस तू. इतक्या वर्षांत या एकाच गोष्टीला तू कधी काऊन म्हटलं नाहीस.

तुला खरंच माहीत होतं का? नसेलही. माणूस आपल्या हातातली वस्तू काही दिवसांनी विसरतो. पण मला वाटतं माहीत होतं. सकाळ वैनीची आणि दुपार मशीनची, अशी वाटणी तू मनाशी करून टाकली होतीस, आणि ती मोडू नये म्हणून रोज 'नंतर' दाबत होतास. हे विचारायचं राहून गेलं. जन्मभर तू विचारलंस, आणि माझ्या या एका प्रश्नाला तुझ्याकडून उत्तर मिळणार नाही.

वैनी माझ्याकडे पाहत होती. तिला मी सांगितलं, "हे टाकलं असतं तर दादाला कडं सकाळपासूनच उतरवून ठेवावं लागलं असतं. मला वाटतं, म्हणूनच नाही टाकू दिलं."

तिनं चहाचे कप धुऊन पालथे घातले.

"येडा माणूस," म्हणाली.

मग तिनं टेबलावरचं कडं उचललं आणि हातात चढवलं. तिच्या हाताला ते फार ढिलं होतं, तिनं वर कोपराकडे सरकवून बसवलं. "येतो बाई. घरी जाऊन जेवतो आता," म्हणाली आणि चपला घातल्या. मी पडद्याकडे पाहत होते. ती पायरी उतरली तशी लाल पट्टी विझली आणि आकडा हलत हलत जागेवर येऊन थांबला. बाहेर ऊन चढलं होतं. डब्याची वेळ टळून गेली होती दादा, आणि मशीनला जाग आली होती.